आकाश कोसळेल कीं काय?

ची नांवाच्या एका चिमुकल्या चिनी राज्यांत एक मनुष्य रहात असे. आकाश कोसळून पडलें आणि पृथ्वी फाटली तर आपण जावें कोठें, या विचारानें त्याला अन्न गोड लागेना आणि रात्रीं डोळ्यास डोळा लागेना. त्याची ती अवस्था पाहून एका सज्जनास त्याची दया आली. तो त्याच्याकडे गेला आणि म्हणाला कीं, आकाश म्हणजे दुसरें कांहीं नव्हे, सांचलेली हवा. दिवसभर तूं तिच्यांतच हिंडतोस फिरतोस, ती कोसळणार कशी? बरें, सूर्य, चंद्र आणि तारे? तेहि त्याच हवेंतले चकाकणारे पदार्थ; पडले तरी कोणाला इजा व्हावयाची नाहीं. आणि जमीन? ती तर चारी दिशांस ढेकळांनीं गच्च भरलेली. तिच्यावर पाय आपटून पहा. हें ऐकून त्या मनुष्याचा जीव भांड्यांत पडला, आणि त्याचें समाधान झालेलें पाहून समजूत घालणाऱ्यासहि मोठा आनंद झाला.

येथवरची गोष्ट चीनमधील शाळकरी मुलासहि ठाऊक असते. निष्कारण काळजी करणाऱ्याला 'ची देशचा माणूस' म्हणून चिडविण्याची त्या भाषेंत रीतच पडून गेली आहे. परंतु ज्या 'लिएत्से' नांवाच्या ताओपंथी ग्रंथांत ही गोष्ट आली आहे, तेथें ती एवढ्यावर संपत नाहीं. चांगलूत्से नांवाचा एक पंडित तें संभाषण ऐकून हंसतो. त्याचें म्हणणें असें कीं, आकाश आणि पृथ्वी हीं जर नुसतीं सांचलेलीं आहेत, तर जें सांचलें तें कधीं तरी विसकटणारच. तो दिवस फार दूर आहे, म्हणून आजच झुरत बसणें हा अतिरेक खरा. पण तो दिवस येणारच नाहीं असें सांगणें म्हणजे खोटा धीर देणें होय. शेवटीं लिएत्से स्वतः हंसतो. आकाश कोसळेल असें म्हणणाराहि चुकला आणि कोसळणार नाहीं असें म्हणणाराहि चुकला, असा तो निर्वाळा देतो. हें आपल्याला कळण्यासारखें नाहीं. जिवंत माणसास मरणाची वार्ता नसते आणि मेलेल्यास जगण्याची. मग कोसळण्या-न-कोसळण्याला मनांत बिऱ्हाड तरी कां द्यावें, असा त्याचा प्रश्न आहे.

काळजी या एका मनोव्यथेवर माणसानें आजवर जे उपाय केले, त्यांचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यानें ही तीन उत्तरें प्रथम समोर ठेवावीं, असें मला वाटतें. पहिलें उत्तर माहितीचें आहे, दुसरें तर्काचें. तिसरें कशाचें, हें सांगणें तितकेंसें सोपें नाहीं, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम त्या बिचाऱ्या ची देशच्या माणसाविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. त्याला सर्वांनीं वेडा ठरविलें; परंतु त्याचें राज्य कसलें होतें तें कोणी पहात नाहीं. ची हें प्राचीन श्या राजकुळाच्या वंशजांना दिलेलें एक दुबळें संस्थान होतें. बलाढ्य शेजाऱ्यांच्या धाकानें त्याची राजधानी वारंवार एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवावी लागे, आणि अखेर इ. स. पूर्व ४४५ मध्यें चू राज्यानें तें गिळून टाकलें. म्हणजे त्या माणसाच्या डोक्यावरचें एक आकाश खरोखरच कोसळलें. मोठ्या राज्यांतल्या लोकांना तो विनोद वाटला, कारण तो पाळी-पाळीनें सर्वांवरच येणार आहे हें त्यांना अजून उमगलें नव्हतें.

ताओ-विचार ज्या काळांत वाढला, तो काळच असा होता. इ. स. पूर्व ४७५ पासून २२१ पर्यंतच्या काळास चिनी इतिहासकार 'युद्धमान राज्यांचा काळ' म्हणतात. इ. स. पूर्व २६० मध्यें चांगपिंग येथें शरण आलेल्या चार लक्ष सैनिकांची चिन राज्याच्या सेनापतीनें कत्तल केली, असें इतिहासकार सीमा चिएन लिहून गेला आहे. हा आंकडा कित्येक विद्वानांना अतिशयोक्त वाटतो, परंतु निम्मा धरला तरी अंगावर कांटा उभा राहतो. अशा काळांत लाओत्सेच्या नांवावरचा, जेमतेम पांच हजार चिनी अक्षरांचा, तो छोटासा ग्रंथ आकारास आला. लाओत्से कोण, याविषयीं खुद्द सीमा चिएनलाहि खात्री नव्हती. त्यानें दोन-तीन निरनिराळ्या पुरुषांचीं नांवें देऊन वाचकास मोकळें सोडलें आहे. ग्रंथाचा रोंख बव्हंशीं राज्यकर्त्याकडे आहे: फार हुकूम सोडूं नका, फार हांव धरूं नका, प्रजेच्या जीवनांत उठल्यासुटल्या हात घालूं नका. याच वृत्तीला 'वू-वेइ' असें नांव आहे. 'कांहीं न करणें' हा तिचा शब्दार्थ. परंतु नावाडी प्रवाहाशीं झुंजत न बसतां त्याच्याच जोरावर नाव नेतो, तसें करणें हा तिचा भावार्थ. आपल्याकडील वाचकास येथें लागलीच गीतेंतील निष्काम कर्मयोग आठवेल. साम्य थोडेंसें आहे, तरी घाई करूं नये. गीता अर्जुनास त्याचें ठरलेलें कर्तव्य करावयास लावते. लाओत्सेला कर्तव्याच्या त्या ठरीव यादीचाच मुळांत संशय आहे.

हा उपदेश राजवाड्यांतून उतरवून सामान्य माणसाच्या अंतःकरणांत नेला तो च्वांगत्सेनें. इ. स. पूर्व चौथ्या शतकांतला हा पुरुष एका लाखेच्या झाडांच्या बागेवर लहानसा अधिकारी होता अशी परंपरा आहे. त्याच्या नांवावरच्या ग्रंथांत आपल्याच सांवलीला आणि आपल्याच पावलांच्या खुणांना भ्यालेल्या एका माणसाची कथा आहे. त्यांच्यापासून सुटावें म्हणून तो पळूं लागला. जों जों पावलें अधिक, तों तों खुणा अधिक; आणि कितीहि जोरानें धांवलें तरी सांवली अंगाला चिकटलेलीच. आपण अजून सावकाश धांवत आहों असें समजून तो जिवाच्या आकांतानें धांवत सुटला आणि शेवटीं दम तुटून मेला. एखाद्या झाडाच्या छायेंत जाऊन बसला असता तर सांवली आपोआप नाहींशी झाली असती, आणि स्वस्थ राहता तर खुणाहि उमटल्या नसत्या, एवढें साधें त्याला सुचलें नाहीं. काळजीच्या रोगाचें इतकें नेमकें वर्णन माझ्या वाचनांत दुसरें नाहीं. रोग सांवलीचा नव्हता, धांवण्याचा होता.

परंतु ताओपंथ म्हणजे नुसता दोन-तीन ग्रंथांतला विचार, अशी समजूत करून घेणें इतिहासास धरून होणार नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत चांग ताओलिंग यानें पश्चिम चीनमध्यें एक संप्रदाय स्थापिला, आणि त्याचा नातू चांग लू यानें हानचुंगच्या खोऱ्यांत त्याचें जवळजवळ स्वतंत्र राज्यच चालविलें, इ. स. २१५ मध्यें तें त्साव त्सावच्या हातीं गेलें. दीक्षेची किंवा उपचाराची दक्षिणा पांच मापें तांदूळ, म्हणून लोक त्याला 'पांच मापें तांदळाचा पंथ' म्हणत. या पंथांत आजारी माणसाला आधीं औषध देत नसत. त्याला एका निवांत खोलींत बसवीत आणि आपल्या हातून काय काय अपराध घडले याचें चिंतन करावयास लावीत. मग त्याचें नांव आणि पश्चात्तापाची कबुली तीन कागदांवर लिहीत. एक डोंगरावर ठेवावयाचा, एक जमिनींत पुरावयाचा आणि एक पाण्यांत सोडावयाचा, म्हणजे आकाश, पृथ्वी आणि जल या तिन्ही अधिदेवतांच्या दफ्तरीं तो रुजू झाला. हा प्रकार भाबडा खरा. तथापि, एकांत, शांतपणा, मनांतलें शल्य शब्दांत उतरविणें आणि मग तें हातावेगळें करणें, हें सर्व त्यांत आहे. आजच्या मनोवैद्याच्या खोलींत तरी याहून फार निराळें काय चालतें? मात्र तत्त्वज्ञ च्वांगत्सेला ही अपराधांची मोजदाद मुळींच रुचली नसती. एकाच नांवाखालीं असे दोन परस्परविरोधी प्रवाह वहात आले आहेत, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ताओ-विचारानें भीति जिंकतां येते, संकट नव्हे. तिसऱ्या शतकांतला कवि आणि वीणावादक जी कांग यानें प्राणसंवर्धनावर निबंध लिहिला, शांतवृत्तीनें दीर्घायुष्य कसें लाभतें तें सांगितलें, आणि वयाच्या चाळिशीच्या आसपासच राजकीय वैरापायीं त्याचा शिरच्छेद झाला. वधस्थानीं त्यानें आपली वीणा मागून घेतली आणि वाजविली, असें सांगतात. हें धैर्य अलौकिक आहे, याबद्दल वाद नाहीं. पण डोकें गेलें तें गेलेंच.

भारताचा या कथेशीं एक धागा जुळतो, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पुलकेशीच्या महाराष्ट्राचें वर्णन ज्यानें लिहून ठेवलें तो ह्यूएनत्संग स्वदेशीं परतल्यावर, इ. स. ६४७ च्या सुमारास, त्याला लाओत्सेच्या ग्रंथाचें संस्कृतांत भाषांतर करण्याची आज्ञा झाली. कामरूपच्या राजाला तो ग्रंथ हवा होता. भाषांतराच्या बैठकींत ताओपंथी पंडित आणि ह्यूएनत्संग यांची 'ताओ' या पहिल्याच शब्दावर खडाजंगी उडाली. पंडितांना 'बोधि' हा भारदस्त शब्द हवा होता. ह्यूएनत्संगानें 'मार्ग' याच्याशिवाय दुसरा शब्द घालण्याचें साफ नाकारलें. तें भाषांतर आज उपलब्ध नाहीं. भाषांतरकर्त्याच्या हट्टाचें मला कौतुक वाटतें. मोठ्या शब्दांपेक्षां पायाखालचा शब्द बरा.

आतां एकदम तेरा शतकें ओलांडून हूनान प्रांतांतल्या चांगशा शहरीं जाऊं. या शहराबाहेर मावांगदुइ नांवाच्या टेकाडांत १९७२ सालीं ताइच्या सरदारपत्नीचें, दोन हजार वर्षांनंतरहि न कुजलेलें, शव सांपडलें, आणि वर्तमानपत्रांतून त्याचाच गाजावाजा झाला. परंतु खरा ठेवा १९७३ च्या अखेरीस शेजारच्या कबरींत निघाला. ती कबर तिच्या मुलाची, त्याला इ. स. पूर्व १६८ मध्यें पुरलें होतें. एका पेटींत रेशमावर लिहिलेले ग्रंथ होते, आणि त्यांत लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन प्रती होत्या. प्रचलित पाठांत जो उत्तरार्ध, तो या प्रतींत आधीं येतो. त्यांच्याबरोबर एक रंगीत चित्रपटहि मिळाला. त्यावर स्त्रिया, पुरुष, तरुण, वृद्ध अशा ४४ आकृति चार ओळींत अंग ताणतांना, वांकतांना, हात उंचावतांना दाखविल्या आहेत, आणि कांहींच्या बाजूस गुडघेदुखी, बहिरेपणा अशीं व्याधींचीं नांवें आहेत. त्या सरदारपुत्राला तत्त्वज्ञान आणि व्यायाम हीं एकाच पेटींत ठेवण्याजोगीं वाटलीं होतीं, एवढें यावरून दिसतें.

हे ग्रंथ जमिनीबाहेर आले तेव्हां बाहेर काय चाललें होतें? १९६६ पासून १९७६ पर्यंतच्या 'सांस्कृतिक क्रांती'ची तीं अखेरचीं वर्षें होतीं. मानसशास्त्र ही भांडवलशाही थोतांड-विद्या ठरवून त्याचे विभाग बंद करण्यांत आले होते. क्रांतिमय समाजांत मनाचा रोग संभवतच नाहीं, असा दंडक असल्यावर माणसानें झोंप येत नाहीं, छाती धडधडते, डोकें भणभणतें हें सांगावें तरी कोणत्या नांवाखालीं? त्याला एक सुरक्षित नांव होतें: 'मज्जादौर्बल्य'. हें निदान मूळ न्यूयॉर्कच्या जॉर्ज बियर्ड नांवाच्या डॉक्टरनें १८६९ मध्यें रूढ केलेलें. अमेरिकेंत तें पुढें मागें पडलें, पण चीनमध्यें टिकलें, कारण त्यांत दोष मज्जातंतूंकडे जातो. मनाकडे नाहीं आणि राज्ययंत्राकडे तर नाहींच नाहीं.

१९८० सालीं अमेरिकन मनोवैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन हा चांगशाच्या हूनान वैद्यक महाविद्यालयांत गेला आणि मज्जादौर्बल्याचे १०० रुग्ण त्यानें बारकाईनें तपासले. त्यांतील ८७ जण पाश्चात्य निकषांप्रमाणें तीव्र विषण्णतेचे रोगी ठरत होते, आणि पुष्कळांना चिंताविकारहि होता. त्यानें औषधें दिलीं. लक्षणें बरींच कमी झालीं. परंतु माणसें बरीं झालीं नाहींत. कोणाची नवऱ्याशीं ताटातूट झालेली, कोणाला नावडत्या कामावर आणि दूरच्या गांवीं खितपत ठेवलेलें, कोणाच्या घराण्यावर क्रांतीच्या काळांत बसलेला कलंक अजून पुसलेला नाहीं. ही गांठ सुटल्याशिवाय त्यांचें दुखणें हटेना, असा त्याचा अनुभव आहे. या अभ्यासाचें महत्त्व मला फार वाटतें, कारण पुढें त्याच शहरांत जें घडलें त्यावर तो आधींच लिहून ठेवलेल्या टीकेसारखा आहे.

घडलें तें असें. पुढच्या दोन दशकांत चीन पालटला. जन्मभराची हमी देणारे सरकारी कारखाने बंद पडूं लागले, लक्षावधि कामगार घरीं बसले, आणि चढाओढ हा नवा धर्म झाला. चिंताविकाराचे रोगी आतां उघडपणें दवाखान्यांत येऊं लागले. पश्चिमेकडे त्यांच्यासाठीं शामक गोळ्या निघाल्या होत्या. पाठोपाठ, आपले विचार तपासून चुकीचे विचार खोडून काढण्याची बोधनचिकित्साहि आली होती. चांगशा येथील मनोवैद्य चांग यालिन, यांग देसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही चिकित्सा उपयुक्त वाटली, पण परकी वाटली. रोग्यानें आपल्या मताशीं वकिलासारखा वाद घालावा, ही त्यांतली कल्पना. तिच्याऐवजीं त्यांनीं ताओ-विचाराचा सांगाडा घेतला. उपचाराचे टप्पे पांच: रोग्याच्या डोक्यावर प्रत्यक्ष ओझीं कोणतीं याची नोंद; आयुष्यांत तो कशाला किती किंमत देतो याची छाननी; त्याच्या इच्छांतला झगडा आणि तो निभावण्याच्या त्याच्या संवयी; मग ताओ-तत्त्वांचा परिचय; आणि शेवटीं फलाची तपासणी. तत्त्वें चार-चार अक्षरांच्या आठ सूत्रांत, अवघ्या ३२ अक्षरांत, बसविलीं आहेत. परोपकार करावा पण स्पर्धा नको, हांव आटोक्यांत ठेवावी आणि कोठें थांबावें तें ओळखावें, लवचीकपणानें ताठरपणावर मात करावी, आणि ओघाला आडवें जाऊं नये, असा त्यांचा सारांश. रोग्यानें तीं पाठ करावीं आणि रोजच्या अडचणींना लावून पाहावीं.

त्यांनीं आपला प्रयोग २००२ सालीं एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. व्यापक चिंताविकाराचे १४३ रोगी तीन गटांत वांटले होते: एकास शामक गोळ्या, दुसऱ्यास ताओ-चिकित्सा, तिसऱ्यास दोन्ही. एका महिन्यानें गोळ्यांच्या गटांत चांगला उतार दिसला, ताओ-चिकित्सेच्या गटांत फारसा नाहीं. सहा महिन्यांनीं चित्र उलटलें: गोळ्यांचा गुण ओसरला होता आणि ताओ-चिकित्सेचा दिसूं लागला होता. दोन्ही मिळालेल्यांना दोन्ही वेळां फायदा दिसला.

हा निकाल वाचून ताओभक्तानें हुरळून जाऊं नये. या प्रयोगांत ताओ-चिकित्सेची तुलना गोळ्यांशीं झाली. दुसऱ्या एखाद्या संभाषणचिकित्सेशीं नाहीं. सहा महिने एक सहृदय वैद्य आपल्यासमोर बसून आपलें ऐकतो, याचा गुण किती आणि लाओत्सेचा किती, हें यावरून सांगतां येणार नाहीं. शिवाय च्वांगत्सेचें तें खट्याळ, कोणत्याच सूत्रांत न सांपडणारें मन ३२ अक्षरांच्या पाठांतरांत कोंबलेलें पाहून मला थोडें हंसूं येतें. चांग लूच्या तीन कागदांचा वारसा येथें च्वांगत्सेपेक्षां जास्त दिसतो.

तरीहि 'ओघाला आडवें न जाणें' यांत कांहीं तरी तथ्य आहे, याची साक्ष चीनबाहेरच्या प्रयोगशाळेनेंच दिली आहे. १९८७ मध्यें अमेरिकेंतील डॅनियल वेग्नर यानें विद्यार्थ्यांना सांगितलें कीं, पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार मनांत आणूं नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा मिनिटास एकापेक्षां जास्त वेळां वाजली. इतकेंच नव्हे, तर नंतर विचार करण्याची मुभा मिळतांच, ज्यांना आधीं बंदी होती त्यांच्या मनांत अस्वल इतरांपेक्षां अधिक थैमान घालूं लागलें. सांवलीपासून पळणाऱ्या माणसाचीच ही परीक्षा होय. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनीं १९६२ मधील आपल्या पुस्तकांत रोग्यांना सांगितलें होतें कीं, धडधड आली तर तिच्याशीं झुंजूं नका; तिला सामोरे जा, येऊं द्या, तिच्यावर तरंगा आणि काळाला आपलें काम करूं द्या. या बाई लाओत्सेच्या शिष्या नव्हत्या; त्या हा उपाय आपल्याच धडधडणाऱ्या छातीपासून शिकल्या होत्या. विचार खोडून न काढतां त्याला जागा करून देण्याची ही पद्धति विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य मानसोपचारांत एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली.

परंतु क्लाइनमनच्या रोग्यांना मी विसरूं शकत नाहीं. ज्या बाईला नवऱ्यापासून दूर फेकलें आहे तिला 'ओघाला आडवी जाऊं नको' असें सांगणें हा उपचार कीं उपमर्द? मृदु राहा, खालची जागा पसंत करा, हा उपदेश राज्यकर्त्यानें राज्यकर्त्याला करावा हें लाओत्सेच्या मनांत होतें. तोच उपदेश कचेरींतल्या साहेबानें शिपायाला केला कीं त्याचा अर्थ फिरतो. आणि गंमत अशी कीं, हा उपदेश खरोखर मनावर घेतलेला सत्तेलाहि परवडत नाहीं. २०२१ मध्यें चिनी तरुणांत 'आडवें पडून राहण्या'ची हांक उठली: बढती नको, घर नको, धांवाधांव नको. तेव्हां ताओ-परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या त्याच देशांतील सरकारी वृत्तपत्रांनीं या मुलांना लाज नाहीं असे ताशेरे ओढले. सांवलीच्या भीतीनें धांवणारा माणूस झाडाखालीं बसलेला पाहून ज्यांना राग येतो, त्यांना त्याच्या धांवण्याचा कांहीं तरी उपयोग होत असला पाहिजे.

ची देशच्या माणसाकडे पुन्हां वळतों. पहिल्या उत्तरानें त्याला तत्काळ बरें वाटलें, असें ग्रंथ स्पष्ट सांगतो. हवेच्या त्या माहितीचा गुण सहा महिने टिकला कीं नाहीं, हें मात्र तो सांगत नाहीं. आणि गोष्ट नीट वाचली तर आणखी एक बाब लक्षांत येते. चांगलूत्से हंसतो आणि लिएत्से हंसतो, तेव्हां तो मनुष्य गोष्टींतून नाहींसा झालेला आहे. तिसरें उत्तर दिलें गेलें तें पंडितांच्या देखत. ज्याला त्याची गरज होती तो तोंवर घरीं जाऊन जेवावयास बसला असावा.